मोबाईल एक, खाती घरभर : ओटीपी मात्र ज्याच्या हातात फोन त्याचा

जत : लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीनं गावाकडच्या घरातली एक गोष्ट उघडी पाडली. घरात आधार कार्ड प्रत्येकाचं वेगळं आहे, बँकेचं पासबुक वेगळं आहे, रेशन कार्डावर नावंही वेगवेगळी आहेत. पण या सगळ्यांना जोडलेला मोबाईल नंबर मात्र बऱ्याच घरांत एकच. तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा, नाहीतर थोरल्या मुलाचा, आणि काही ठिकाणी तर बंद पडलेला.

१८ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं परिपत्रक काढलं आणि प्रत्येक लाभार्थी बाईला ई-केवायसी सक्तीची केली. आधी दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पद्धत अशी की आधी बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जाणार, तो भरायचा. मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा नंबर टाकायचा आणि त्यांच्या मोबाईलवर गेलेला ओटीपी भरायचा. मुंबईत बसून कागदावर हे सोपं दिसतं. इकडं जत पूर्व भागात काय चित्र होतं? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या वर्षीचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. म्हणजे मुदत चालू असताना नवरा कुठल्यातरी कारखान्याच्या फडात, फोन त्याच्या खिशात, आणि बायको गावात सेवा केंद्राच्या बाकावर. ओटीपी दहा मिनिटांत भरायचा आणि फडात रेंज नाही. आटपाडी, खानापूर, तासगाव भागातल्या गलाई व्यवसायातल्या घरांचं तर विचारूच नका. माणूस कोईम्बतूर, कोलकाता, नाहीतर आणखी कुठं भट्टीवर. तिथून फोनवर आकडे सांगायचे आणि इकडं ते भरायचे.

ज्या बायकांचे नवरे किंवा वडील वारलेत, ज्या सोडून दिलेल्या आहेत, त्यांनी ओटीपी कुणाचा आणायचा याचं उत्तर सुरुवातीला नव्हतंच. नंतर मुदत वाढवताना सांगितलं, मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडं द्या. ज्यांना नवऱ्यानं नुसतं टाकलंय, कागद काहीच नाही, त्यांची अडचण तशीच.

एका योजनेपुरतं हे असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पण आता पीएम किसानची केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, पीक विमा, रेशनची केवायसी, पोरांचे प्रवेश, गॅस, सगळं त्याच एका नंबरवर येऊन बसलंय. म्हणून एकदा नीट समजून घेऊ, की घरात डिजिटल खातं वाटून वापरायचं म्हणजे नेमकं काय वाटायचं आणि काय नाही.

हे झालं कसं

आधारची शिबिरं गावात लागली तेव्हा घरात एकच फोन असायचा, तोही बटनाचा. ऑपरेटरनं मोबाईल नंबर विचारला की घरातल्या पाचही जणांनी तोच सांगितला. आधारला त्याचं काही वावडं नाही. एका मोबाईल नंबरवर किती आधार जोडायचे याला आधार प्राधिकरणानं मर्यादाच ठेवलेली नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली, बायकांची खाती निघाली, तिथंही तोच नंबर. त्यावेळी नंबर म्हणजे निरोप द्यायचं साधन होतं. आज तो नंबर म्हणजे कुलपाची किल्ली झालाय, पण नोंद अजून तीच आहे.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक प्रश्न होता : तुमच्याकडं असा मोबाईल आहे का, जो तुम्ही स्वतः वापरता? देशात १०० पैकी ५४ बायकांनी हो म्हटलं. खेड्यात हा आकडा ४७ च्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त खेड्यातल्या बाया तेव्हा दुसऱ्याच्या फोनवर होत्या. त्यानंतर फोन वाढलेत, हे खरं. पण फोन हातात आला म्हणून बँकेतला आणि आधारमधला जुना नंबर आपोआप बदलत नाही. सून आज स्मार्टफोनवर रील बघते, आणि तिच्या खात्याचा मेसेज अजून सासऱ्याच्या फोनवर जातो, अशी घरं माझ्या गल्लीतच चार दाखवीन.

जतचा आणखी एक तिढा आहे. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर या पट्ट्यात घरात कन्नड बोलतात. शाळा काहींची कन्नड, काहींची मराठी. बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांचा विषय काढला तेव्हा राज्यभरातले कॅमेरे इकडं आले होते. त्यांना पाण्याचा प्रश्न दिसला, तो खराच आहे. पण इथली म्हातारी बाई मेसेज वाचायला सातवीतल्या नातवावर अवलंबून आहे, हेही तितकंच खरं. नातवाला पिन माहीत असतो, नातवाला पासवर्ड माहीत असतो. घरातला खरा बँक मॅनेजर तोच.

बायकोचं खातं, नवऱ्याच्या फोनात

आता यातलं यंत्र कसं चालतं ते बघा, कारण मुद्दा इथंच आहे.

यूपीआय चालू करायला बँकेत नोंदवलेला नंबर ज्या फोनात आहे, तो फोन लागतो. बायकोच्या खात्याला नवऱ्याचा नंबर असेल, तर तिच्या खात्याचं यूपीआय नवऱ्याच्याच फोनात चालू होतं. तिच्या फोनात होतच नाही. पूर्वी पिन ठरवायला एटीएम कार्ड लागायचं. कार्ड तिच्या डब्यात असेल तर निदान तेवढा तरी अडसर होता. आता आधारच्या ओटीपीवरही पिन ठरवता येतो. अट एवढीच की आधारमधला आणि बँकेतला मोबाईल नंबर एकच पाहिजे. आपल्याकडं तो एकच आहे! म्हणजे दोन कुलपं घातली आणि दोन्हीला एकच किल्ली. ज्याच्या हातात फोन आणि ज्याला घरातल्या आधारचे आकडे माहीत, तो कार्ड नसताना नवीन पिन करून खातं वापरू शकतो.

सगळे नवरे तसे नसतात, हे सांगायची गरज नाही. बहुतेक घरांत पैसा एकाच चुलीला लागतो. खताची पोती, पोराची फी, दवाखाना. बायकोचे १५०० आले आणि त्यातनं दुकानदाराची उधारी फिटली तर तिचीही ना नसते. पण तिला विचारून फेडली की तिला न सांगता, हा फरक आहे ना? क्यूआर स्कॅन करताना 'कुठल्या खात्यातून' हे एका बोटानं बदलतं. महिन्याच्या शेवटी ती पासबुक भरून आणते तेव्हा शिल्लक ११२ रुपये. दारूच्या घरात हा हिशोब आणखी वेगळा होतो, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

जुलै २०२५ मध्ये सरकारी तपासणीतून आकडा बाहेर आला, की लाडकी बहीणचे पैसे १४ हजार २९८ पुरुषांच्या नावावर गेले होते, रक्कम २१ कोटी ४४ लाख. टीव्हीवर दोन दिवस 'लाडक्या भावांची' टिंगल झाली. पण त्या आकड्यात सरळ लबाडी करणारे किती आणि 'बायकोचं खातं नाही, माझंच टाका' म्हणणारे किती, हे त्यावरून कळत नाही. गावात बसून बघितलं तर दुसऱ्या प्रकारची माणसं मला कमी वाटत नाहीत. त्यांच्या डोक्यात खातं हे घराचं असतं. सरकारच्या लेखी ते एका माणसाचं असतं. भांडण या दोन समजुतींचं आहे.

आपली जुनी रीत सातबाऱ्याची. एका गटात चार भावांची नावं, बहिणींची नावं, सगळे सामाईक खातेदार. पीक कुणी घेतलं, पट्टी कुणाच्या नावावर गेली, याचा हिशोब घरात. ॲग्रीस्टॅक आलं आणि त्यातही बदल झाला. शेतकरी ओळख क्रमांक प्रत्येक खातेदाराला स्वतंत्र घ्यावा लागतो, आणि तो काढताना ज्याच्या त्याच्या आधारचा ओटीपी लागतो. एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना हा क्रमांक सक्तीचा आहे. ज्या थोरल्या भावानं सगळ्यांचा नंबर म्हणून स्वतःचा दिला होता, त्याच्याकडं आता बाकीचे रांग लावतात. भाऊ-भाऊ बोलत असतील तर ठीक. बोलत नसतील तर एका ओटीपीसाठी पंच गोळा करायची वेळ येते.

एक उलट उदाहरणही सांगतो, कारण सगळंच वाईट नाही. पीएम किसानच्या ॲपमध्ये जून २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते. त्यात ओटीपी लागत नाही आणि बोटाचा ठसाही लागत नाही. खुरप्यानं आणि चुन्यानं ज्यांचे ठसे झिजलेत त्यांची यानं सोय झाली. शिवाय एका शेतकऱ्याला आपल्या फोनवरून आणखी १०० शेतकऱ्यांची केवायसी करून देता येते. म्हणजे फोन एकाचा, ओळख ज्याची त्याची. असंच पाहिजे. फोन उसना देता येतो, मागता येतो. ओटीपी उसना देण्याची पद्धतच चुकीची आहे, आणि लाडकी बहीणच्या केवायसीत सरकारनं नेमकी तीच पद्धत घातली.

नवा नंबर घ्यायचा तर खर्च किती

"बाईनं स्वतःचा नंबर घ्यावा" हे सांगणं सोपं आहे. रिचार्ज कोण मारणार? २८ दिवसांचं साधं रिचार्ज दोनशेच्या आसपास जातं. डेटा नको, फक्त बोलणं आणि एसएमएस पाहिजे, असं रिचार्ज ठेवा म्हणून ट्रायनं कंपन्यांना डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं. त्यानंतर जिओचा ४४८ आणि एअरटेलचा ४६९ असे ८४ दिवसांचे प्लॅन आले. वर्षभराच्या आसपास चालणारे याच प्रकारचे प्लॅन साडेसतराशे ते साडेअठराशे रुपयांत होते. दर वरखाली होतात, दुकानात विचारून घ्या. पण हिशोब मांडला तर लाडकी बहीणचे वर्षाला १८ हजार, त्यातला दहावा हिस्सा नंबर जिवंत ठेवायला. थोडा नाही. एका शेळीच्या पिलाच्या किमतीत फार तर थोडी भर घालावी लागेल एवढी ती रक्कम. तरीही माझं मत असं की घरात कुठं काटकसर करायची तर इथं करू नये. मुलाच्या दुसऱ्या सिमचं डेटा रिचार्ज थांबवा, आईचा नंबर चालू ठेवा.

कारण बंद पडलेल्या नंबरचा धोका वेगळाच आहे. सलग ९० दिवस नंबर वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणालातरी दिला जातो. मग तुमच्या खात्याचा मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनवर. १ एप्रिल २०२५ पासून बँका आणि यूपीआय ॲपवाल्यांनी अशा रद्द झालेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासायची असा नियम झालाय. त्यामुळं जुना नंबर खात्यावर असेल तर एखाद्या दिवशी यूपीआय अचानक बंद पडतं. लोक म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर चांगला असतो, नंबर मेलेला असतो.

नंबर बदलायचा तर दोन ठिकाणी बदला. आधार केंद्रावर जाऊन आधारमधला, त्याला १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये फी आहे. कागद लागत नाही, पण केंद्रावर करायचं तर बाईला स्वतः जावं लागतं, ठसा द्यावा लागतो. आणि बँकेत जाऊन खात्यावरचा. आधारमध्ये बदलला म्हणजे बँकेत बदलला असं होत नाही. बँकेत आणखी एक सांगा : जुन्या नंबरवरची यूपीआय नोंदणी बंद करा. यामुळं हप्ता थांबेल अशी भीती बऱ्याच जणींना असते. हप्ता मोबाईल नंबरवर येत नाही, आधारला जोडलेल्या खात्यावर येतो. नंबर बदलल्यानं तो थांबत नाही.

आणि सेवा केंद्रात फॉर्म भरताना स्क्रीनवर मोबाईल नंबरच्या रकान्यात कुणाचा नंबर पडला, ते बघून घ्या. घाईत ऑपरेटर स्वतःचाच नंबर टाकतो, हा प्रकार नवा नाही. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, ओटीपीसाठी पुन्हा पुन्हा हेलपाटा नको म्हणून तो तसं करतो. पण उद्या तो केंद्र बंद करून पुण्याला गेला, तर तुमच्या अर्जाची किल्ली पुण्याला गेली.

वाटून वापरण्यासारखं काय आहे

सगळंच कुलपात घाला असं माझं म्हणणं नाही. घरातली माणसं वस्तू वाटून घेतात, तशी मोबाईलवर विकत घेतलेली वस्तूही वाटून घेता येते. त्याच्या अधिकृत सोयी आहेत, पण त्या आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहेत.

गूगल प्लेवर 'फॅमिली ग्रुप' करता येतो. एक प्रमुख आणि पाच सदस्य. एकानं पैसे देऊन घेतलेलं ॲप, ते वाटायला परवानगी असेल तर, बाकीच्यांना फुकटात मिळतं. प्रत्येकाचा ईमेल वेगळा, पासवर्ड वेगळा, तरी खरेदी एकच. ॲपलच्या फोनलाही सहा जणांची अशीच सोय आहे. मात्र गेमच्या आत जे हिरे, नाणी, कपडे विकत घेतात ते यात वाटले जात नाहीत. ज्यानं घेतले त्याचेच राहतात.

सिनेमा-मालिकांच्या ॲपचं तंत्र निराळं. नेटफ्लिक्सनं २० जुलै २०२३ पासून भारतात सांगून टाकलं की एक खातं म्हणजे एक घर. पुण्यात कामाला असलेल्या पोराचा पासवर्ड घेऊन जतमध्ये सगळ्या भावकीनं बघायचं दिवस संपत आले. बाकीची ॲपं एकावेळी किती फोनवर चालणार ते प्लॅनप्रमाणं ठरवतात. यात फार मोठं नुकसान नाही. मॅच बघताना मध्येच बंद पडलं तर शिव्या बसतात, एवढंच. खरा धोका पासवर्डचा आहे. मॅचसाठी दिलेला पासवर्ड तोच जर ईमेलचा असेल, आणि ईमेलमध्ये बँकेची पत्रं असतील, तर मॅच महागात पडली.

पोरांचा विषय याहून नाजूक. फोन बापाचा, गूगल खातं बापाचं, यूपीआय बापाचं, आणि गेम पोरगा खेळतो. एकदा 'ऑटो-पे' ला मान्यता दिली की १५ हजारांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पिन लागत नाही. 'एक रुपयात सात दिवस' अशी जाहिरात करणारी ॲपं याच वाटेनं येतात. पोरगा एक रुपयाला हो म्हणतो आणि आठव्या दिवशी दोन-तीनशे कटतात. आपल्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटो-पे' किंवा 'मँडेट' असा भाग असतो. आज रात्री जेवण झाल्यावर तो उघडून बघा. ज्याची ओळख नाही ते रद्द करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, तीही चालू करून घ्या. पैसे लावून खेळायच्या गेमवर तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदीच आली आहे, पण टेलिग्रामवरून ॲपची फाईल पाठवणारे अजून हिंडतायत. 'पीएम किसान' किंवा 'आरटीओ चलन' नावाची फाईल व्हॉट्सॲपवर आली तर ती कुणीही उघडू नका. घरात एकच फोन आणि त्यात पाच जणांची खाती असतील, तर ती एक फाईल पाचही खाती धुऊन नेते.

आपल्याच जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावनं ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा पायंडा पाडला. ते पोरांच्या अभ्यासासाठी आहे आणि कौतुकाचंच आहे. मला वाटतं असा आठवड्यातला अर्धा तास एखाद्या गावानं फोन बंद ठेवायला न देता, उलट घरातल्या सगळ्यांनी मिळून फोन तपासायला द्यावा.

पिन द्यायचा नाही, मग कामं कशी चालणार

शेतकऱ्याच्या घरात पिन वाटला जातो तो लबाडीनं नाही, अडचणीनं. बाप औषध फवारतोय, पोराला जतला खताच्या दुकानात पाठवलंय, पैसे बापाच्या खात्यात. बाप फोन देतो आणि पिन सांगतो. दुसरा मार्ग काय?

मार्ग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये 'यूपीआय सर्कल' ही सोय आली. बापानं आपल्या यूपीआय ॲपमधून पोराला जोडायचं. पोराचं स्वतःचं बँक खातं नसलं तरी चालतं. यात दोन प्रकार. एकात पोरगा दुकानात स्कॅन करतो, मागणी बापाच्या फोनवर येते, बाप तिथून पिन टाकतो आणि पैसे जातात. दुसऱ्यात बाप आधीच मर्यादा ठरवून देतो : महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार, एका वेळी जास्तीत जास्त ५ हजार. त्या मर्यादेत पोरगा बापाला न विचारता पैसे देऊ शकतो. एका माणसाला असे पाच जण जोडता येतात. काढून टाकायचं तर एका बटनावर. पिन बापाकडंच. प्रत्येक व्यवहार बापाला दिसतो.

हे उलट दिशेनंही चालतं आणि मला त्याचा उपयोग जास्त वाटतो. बाईनं आपल्या खात्याचं यूपीआय आपल्या नावानं, आपल्या नंबरवर घ्यावं, आणि नवऱ्याला त्यात महिना हजार रुपयांच्या मर्यादेनं जोडावं. किराणा त्यानं आणला तरी हरकत नाही, हिशोब तिच्या फोनवर. काही पुरुषांना हे वाचून हसू येईल. येऊ द्या.

पिन सांगण्याचा कायदेशीर परिणाम मात्र हसण्यावारी नेऊ नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेची चूक नाही, तुमची चूक नाही, मधल्याच कुणीतरी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी नाही. पण तुम्ही स्वतः पिन किंवा पासवर्ड कुणाला दिला होता असं निघालं, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेला सगळा पैसा तुमचा गेला. त्यात 'कुणाला' म्हणजे मुलगा, पुतण्या, जावई, असा भेद केलेला नाही. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा. पहिले एक-दोन तास महत्त्वाचे, कारण पैसा पुढच्या खात्यात थांबवता येतो.

खातं भाड्यानं देण्याचा प्रकारही आता तालुक्याच्या गावांपर्यंत आलाय. "तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, हजार रुपये घे." कॉलेजच्या पोरांना सांगून ठेवा. तो पैसा कुणाच्यातरी फसवणुकीचा असतो आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्या दारात. बहिणीच्या नावावरचं खातं मित्राला दिलं, असली उदाहरणं पोलिसांच्या तपासात सांगण्यापेक्षा घरात बोललेली बरी.

माणूस गेल्यावर

सगळ्यात अवघड प्रश्न इथं आहे आणि त्यावर आपण बोलतच नाही. घरचा नंबर ज्याच्या नावावर, तोच गेला तर?

घरात दुखवटा असतो. फोन कपाटात पडतो, रिचार्ज संपतं, तीन महिन्यांनी नंबर बंद. त्या नंबरवर आईचं आधार, सुनेचं खातं, गॅस, दुधाच्या डेअरीचे मेसेज, सगळं. वर्षश्राद्धाच्या आत निम्मी कामं अडतात. म्हणून घरातलं माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यात दोन गोष्टी करा. नंबरचं रिचार्ज चालू ठेवा, आणि मृत्यू दाखला घेऊन कंपनीच्या अधिकृत दुकानातून तो नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. मग निवांत बाकीच्यांचे नंबर वेगळे करा.

दुसरी सवय मोडायला पाहिजे. वडील गेले, पण एटीएम कार्ड आणि पिन पोराकडं आहे, म्हणून पैसे काढत राहायचं. पीएम किसानचे दोन-दोन हजारही येत राहतात आणि घेतले जातात. हे नियमात बसत नाही आणि पुढं वसुली निघते. वारसाचा हक्क बुडतो असंही नाही. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेले बसत नाहीत, पण वारसानं आलेली जमीन त्याला अपवाद आहे. वारस नोंद करून मुलाला किंवा बायकोला नव्यानं अर्ज करता येतो. २०२५ मध्ये महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायची. ज्यांनी तेव्हा केलं नाही त्यांनी आता ई-हक्क प्रणालीवरून किंवा तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, अर्ज द्यावा.

बँकेच्या बाबतीत नियम थोडे सैल झालेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. आपल्या भिंतीवर ज्यांचं कालनिर्णय असतं त्या जयंत साळगावकरांच्या वारसांतला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला : शेअर्स नॉमिनीच्या नावे झाले तरी खरे हक्कदार मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं जे ठरतील तेच. लेकींना नॉमिनी केलं नाही म्हणून त्यांचा हिस्सा जात नाही, आणि थोरल्याला नॉमिनी केलं म्हणून सगळं त्याचं होत नाही.

ईमेल आणि फोटोंचं काय? गूगल खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर कंपनी ते पुसू शकते. डिसेंबर २०२३ पासून हे सुरू आहे. म्हणजे वडिलांच्या फोनमधले लग्नाचे, बैलपोळ्याचे, नातवाच्या बारशाचे फोटो गेले. गूगलच्या सेटिंगमध्ये 'निष्क्रिय खाते' असा भाग आहे. त्यात आपण आधीच सांगून ठेवू शकतो, की मी अमुक महिने खातं वापरलं नाही तर या माणसाला माझे फोटो, ईमेल द्या. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. केंद्राच्या २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यातही आपल्या पश्चात आपल्या डिजिटल माहितीबाबत हक्क बजावायला माणूस नेमण्याचा अधिकार आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी १८ महिन्यांनी लागू होतील. तोवर गूगलचं बटन आहे, ते वापरा.

फोटो, गाणी, ॲप यांची मालकी मात्र जमिनीसारखी नसते. पैसे देऊन घेतलेलं बरंचसं हे वापरायच्या परवानगीवर असतं, ज्याच्या खात्यावर घेतलं त्याच्यापुरतं. वारस नोंद होत नाही. म्हणून घरचे फोटो एका पेनड्राईव्हवर किंवा मेमरी कार्डावर काढून ठेवा, पाचशे रुपयांच्या आत काम होतं.

आणि बँकेत दावा करायला जाताना मृत्यू दाखल्याच्या तीन-चार साक्षांकित प्रती बरोबर न्या. मूळ दाखला मागितला तर दाखवा आणि परत घ्या. बँका, सोसायटी, मोबाईल कंपनी, विमा, सगळीकडं तो लागणार आहे, आणि प्रत्येक वेळी ग्रामपंचायतीत हेलपाटा मारायला ग्रामसेवक जागेवर सापडतीलच असं नाही.